तिसरा काठ

सिबूला राजांग नदी फुटते,
एक फाटा इगान नाव घेऊन निघून जातो,
म्हणून धक्क्यावर उभं राहिलं की तीन काठ दिसतात.
पट करायला बसेपर्यंत मी ते कधी मोजले नव्हते.

वडील आणि हिई काका चाळीस वर्षं
एकाच फळीवर खेळत आले.
नऊ उभ्या रेघा, दहा आडव्या, मध्ये नदी,
आणि नदीच्या कोऱ्या पट्ट्यात आजोबांनी कोरलेलं:
बघणाऱ्याने बोलू नये.
बघणारा एकच होता, न्यांदांग.
काळ्या मिरीची पोती बोटीतून उतरवायची,
मग ओल्या पायांनी दुकानाच्या ओट्यावर उभं राहायचं.
हिई काकांचा घोडा अडला की तो एकदा खोकायचा,
वडिलांचा रथ उघडा पडला की दोनदा.
आमची अक्षरं त्याला वाचता येत नव्हती.
तेवढं एक वाक्य कुणीतरी वाचून दाखवलं होतं.

एका संध्याकाळी वडील म्हणाले,
तिघांचा पट असतो म्हणे. करशील?

सुताराचा गुण्या काटकोनापलीकडे कुणाला ओळखत नाही.
तीन मुलूख एका बिंदूत आणायचे
तर प्रत्येकाचा काठ मधोमध मोडतो,
अर्धा या शेजाऱ्याकडे, अर्धा त्या.
पहिल्या फळीवर नद्या मिळाल्याच नाहीत.
दुसऱ्या फळीवर मिळाल्या, पण उजवं राज्य बोटभर अरुंद.
तिसरी बरोबर उतरली आणि रात्रीत तडकली;
लाकूड ओलं होतं, घाई माझी.
चौथी जुन्या धक्क्याच्या खांबातून काढली, बेलियानची,
पटाशीची धार खाणारी.
मधल्या रेघेला नदीशी दोन फाटे फुटले.
तिथवर आलेल्या प्याद्याला आता ठरवावं लागतं.
जुन्या पटावर नुसता धीर पुरायचा.

हिरव्या सोंगट्यांना बोटीचा उरलेला रंग दिला,
आणि अक्षरांऐवजी न्यांदांग सांगेल ती चित्रं.
रथाची लांब होडी झाली.
घोडा त्याने नीट पाहिला नव्हता, म्हणून सांबर.
हत्ती नदी ओलांडत नाही म्हटल्यावर तो म्हणाला,
मग माझ्या सासऱ्याचं तोंड काढ.
काढलं.

तीन तिगाडा काम बिघाडा, ते लगेच झालं.
पहिल्या दिवशी दोघांनी मिळून न्यांदांगला संपवलं.
दुसऱ्या दिवशी त्याने हिई काकांशी संगनमत केलं
आणि वडील जेवले नाहीत.
नियम असा की हरलेल्याचं उरलेलं सैन्य जिंकणाऱ्याचं.
न्यांदांगला तो पटेना.
राजा मेला तर माणसं घरी जातील, तो म्हणाला,
तुझ्यासाठी का लढतील?
पंधरा दिवस यावर भांडण, चहा गार.
शेवटी ठरलं: ती माणसं पटावर तशीच उभी राहतील,
कुणाचीही नाहीत.
हिई काका हसून म्हणाले, बरंच झालं,
तोफेला उडी मारायला मध्ये कुणीतरी लागतंच.

छिंगमिंगच्या आधी हिई काका गेले.
त्यांच्या मुलाने चष्मा नेला, छत्री नेली,
सोंगट्या नेल्या नाहीत.

आता पाचच्या बोटीनंतर लाल सैन्य मी मांडते,
सगळं, राजासकट,
आणि ते कुणी हलवत नाही.
उरलेले दोघे त्याच्या अल्याडपल्याड खेळतात.
काल वडिलांनी तोफ उचलली.
हिरव्या होडीपर्यंत सरळ रेघ होती,
मध्ये फक्त लाल राजा.
हात तसाच वर राहिला.
खाली धक्क्यावर कुणीतरी दोर फेकला, तो पाण्यात पडला.
वडिलांनी रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं,
मग माझ्याकडे, पट मी केला म्हणून,
जणू याचाही नियम मला ठाऊक असावा.

न्यांदांग खोकला.
एकदाच.

आम्ही तिघांनी खाली पाहिलं.
लाल घोडा अडलेला होता.