मागचं पान

रात्री अकराला वायकोळे बाबांची पिशवी रिकामी करायची.
आधी हात. मग तोटीला स्पिरिटचा बोळा.
तोटी जगाला टेकू द्यायची नाही.
तीनशे दहा. रंग गुळाच्या पाकाचा.
लिहिते, खाली सही: मं. सपकाळे.

"कंबरेच्या खाली, फरशीच्या वर,"
पिशवी अडकवताना बाबाच आधी म्हणतात.
चाळीस वर्षं गार्डाच्या डब्यातून
कागद वाचून झेंडी दाखवलेला माणूस.
"लिहेल हाये ना? मंग तसंच कर.
लिहेलच्या बाहेर गाडी हालत नसते."

आणि लाइट गेली.
भुसावळचा मे महिना, भिंतीसुद्धा अंगावर श्वास सोडतात.
हाताला लागली ती फाइल, तिनंच वारा घालू लागले
तर पायाशी एक पान पडलं.
मोबाइलच्या उजेडात फालक डॉक्टरांचं अक्षर:
नळी चौदा तारखेला काढणे.
स्वतः लघवी होते का पाहणे.

आज तेवीस.
नऊ दिवस, दिवसाला तीन पाळ्या.
प्रत्येक वेळी हात धुतलेले, थेंबन् थेंब मोजलेला.
काही चुकलं नव्हतं,
फक्त पान उलटलं नव्हतं.

झोपे सिस्टर म्हणाल्या, "राहू दे गं,
नळी आहे तोवर गाद्या कोरड्या आहेत."
अकरा माणसं आणि मी एकटी.
खोटं कशाला बोलू,
माझ्याही मनात तेच आलं होतं.

फोन दुसऱ्यांदा लावला तेव्हा उचलला.
डॉक्टर जरा वेळ गप्प. मग, "अजून आहे?"

सकाळी सातला सिरिंजनं फुग्यातलं पाणी ओढलं,
नळी आली.
बाबा पंख्याकडे बघत होते. पंखा बंदच होता.

दुपारपर्यंत दोन चादरी.
पहिलीला ते काही बोलले नाहीत,
दुसरीला मी.
गच्चीवर टाकल्या, खाली येईतो वाळल्या असतील.

तीनला हाक: "भांडं आन!
आन् तोंड फिरव तिकडं."
मी भिंतीकडे तोंड करून उभी.
यार्डात मालगाडीला धक्का बसला,
डब्यामागून डबा वाजत लांब गेला,
थांबला.
मग आवाज आला, तुटक,
नळाला उशिरा पाणी यावं तसा.

एकशे वीस.
"काय लिहेल हाये? वाच."
"स्वतः," मी वाचलं.
बाबांनी हात पुढे करून कागद घेतला,
डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.
"अक्षर मोठं काढ जरा.
रातच्या बाईला दिसलं पाह्यजे."