थांबते कशी

मोर्शीच्या गाडीत कंडक्टरनं पोत्यात हात घातला
अन् झटकन काढला.
"काय हो हे?"
बाभूळ. ओली. तिच्याखाली कडुनिंब,
डिंक्या लागलेल्या संत्र्याचं खोड,
अन् पळसाचा एक गाठाळ तुकडा.
"लाकडं विकाले चालले का अमरावतीले?"
नाही बाप्पा, मशीन पाहाले.
त्यानं माझ्याकडं पाहिलं, पोत्याकडं पाहिलं,
लगेजचं अर्धं तिकीट काढलं.

दुकानात सगळ्या मशिनी पिवळ्या,
हळद लावून ओळीनं बसवलेल्या.
सेल्समन पोरगा, प्रज्वल नावाचा.
त्याच्याजवळ निलगिरीच्या काड्या होत्या,
वाळलेल्या, सरळ, एका मापाच्या.
एकेक घालत गेला. मशीन खात गेली.
"बघा दादा, लोणी."

लोणी कापायचा धंदा नाही आमचा.
आमच्याकडं झाड सरळ येत नाही.
ते महावितरणच्या तारेत हात अडकवून येतं,
शाळेच्या टिनावर अर्धं आडवं होऊन,
विहिरीवर वाकून.
त्याच्या पोटात खिळे निघतात,
जुन्या निवडणुकीच्या पाट्यांच्या तारा,
अन् धनोडीच्या चिंचेत तर सायकलची अख्खी चेन निघाली,
सालीनं गिळलेली.

मी पोतं उघडलं.

मोठी मशीन आधी. सहा इंच तोंड,
स्वतःचं डिझेल इंजिन, ट्रॅक्टर लागत नाही.
बाभळीची दुबेळकी फांदी तिनं अशी ओढली
की पोत्याची सुतळी तिच्यासोबत गेली,
कोणी घातली नव्हती तरी.
प्रज्वल हॉर्सपॉवर सांगत होता,
सबसिडी, हप्ता, पात्यांची गॅरंटी.
मोतीराम कासदेकर तोवर बोललाच नव्हता.
मेळघाटचा माणूस, खोडाला कान लावून सांगतो
आत पोकळ आहे का भरीव.
तो म्हणाला, "खाते किती थे समजलं.
थांबते कशी?"

पोरगा स्विच दाखवायला लागला,
मागच्या बाजूला, गुडघ्याच्या खाली.

मी काही बोललो नाही.
एकोणीस वर्षांचा होतो तेव्हा
आमच्या कडबाकुट्टीचा स्विच भिंतीवर होता,
चार पावलांवर.
चार पावलं.

मग लहानी. चार इंची, ट्रॅक्टरवर चालणारी,
तोंडाच्या वर लाल दांडा,
कमरेचा धक्का लागला तरी रोलर उलटे फिरतात.
"काका, ही तुमच्या धंद्याला छोटी पडेल."
मोतीरामनं खांद्यावरचा दुपट्टा काढला,
टोक आत सोडलं
अन् दांड्याला ढुंगणानं धक्का दिला.

तिनं दुपट्टा परत केला.
किनार तेवढी चावलेली.

मी डाव्या हातानं सही केली.
पोरानं तेव्हा पहिल्यांदा
माझा उजवा हात पाहिला,
अन् हप्त्याचं सांगायचं थांबला.

उरलेल्या पैशाचे दोर, पट्टे, दोन हेल्मेट,
जाड काचेचे चष्मे.
कानावर घालायच्या वाट्या मोतीरामला नको होत्या.
"कान बंद केले तर झाड कुठून मोडते
थे मले कोण सांगन?"
बरीच हुज्जत झाली.
झाडावर असताना गळ्यात,
मशीन चालू झाली की कानावर,
असं ठरलं. पाळेल का माहीत नाही.

पळसाची गाठ कोणत्याच मशिनीत घातली नाही.
ती तशीच परत आणली,
बाकी पोत्यात भुसा,
अन् सगळ्या गाडीत ओल्या संत्र्याच्या लाकडाचा वास.
खिडकीतली एक बाई उगाच मागं वळून पाहत होती.

घरी पंचफुलानं विचारलं, कशी आहे?
फोटो होता मोबाईलमध्ये, दाखवला नाही.
मोतीरामचा दुपट्टा मागून आणला होता,
तो तिच्या हातात दिला.
तिनं चावलेली किनार बोटांनी मोजली,
एक, दोन, अडीच बोटं,
अन् घडी घालून
गहू निवडायला बसली.