भिंतीच्या पोटात

नळ बेसिनवर उभा असावा की भिंतीतून यावा,
एवढ्या प्रश्नात आमचा अख्खा नोव्हेंबर गेला.

आर्विद म्हणतो, भिंतीतून.
बेसिनचा काठ मोकळा राहील,
नळाच्या बुडाशी तो पांढरा क्षार साचणार नाही,
जो मी जुन्या टूथब्रशने खरवडत आले
आणि जो त्याला बावीस वर्षांत एकदाही दिसला नव्हता.
आता दिसला.
कॅटलॉगात नव्हता म्हणून दिसला.

मी म्हणते, भिंत आपली आहे का?
कोंडोच्या नियमावलीत, पान एकतीस:
रंग तुमचा, टाइल तुमची,
टाइलमागची भिंत सगळ्यांची.
म्हणजे डुलुथच्या या चढावर, चौथ्या मजल्यावर,
आम्ही कर्ज काढून जे घेतलं
ते नेमकं रंगाच्या जाडीएवढं.
खिडकीखाली सुपीरियर सरोवर.
अजून गोठलेलं नाही, पण तेही विचारात आहे.

वेंडेल आला. बूट दाराशी काढले,
डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर.
नाडी बघावी तसा तळवा भिंतीवर ठेवून
बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, बाहेरची भिंत असती तर नाहीच म्हटलं असतं,
जानेवारीत पाइप फुटतो.
ही आतली. पलीकडे मिसेस हॅल्वर्सन, दोन्ही घरांना एकच पाइप.
पण उंची आधी ठरवा. एक इंच चुकला
की पाणी बेसिनमध्ये नाही, तुमच्या पोटावर.
आणि बेसिनवरचा नळ बिघडला तर पाना लागतो,
भिंतीतला बिघडला तर परवानगी.

आर्विदला हे वाक्य आवडलं नाही.

मग त्याने आरशाच्या कपाटाखाली
तळहाताएवढं भोक पाडलं, आत काय आहे बघायला,
आणि भिंत ओकली.
दाढीची पाती. गंजलेली, एकमेकांना चिकटलेली,
ओंजळभर, मग दोन ओंजळी,
माझ्या स्लिपरपर्यंत.

वेंडेलला नवल वाटलं नाही.
जुन्या इमारतींत असतंच, म्हणाला.
कपाटाच्या पाठीला फट असायची.
वापरलेलं पातं त्यात सोडायचं.
कुठे जातं, ते कुणी विचारायचं नाही.
तुमचं कपाट आणि शेजारचं, पाठीला पाठ.
दोन्हीकडची एकाच पोटात.

सहा वाजून दहा मिनिटांनी
ऐनार हॅल्वर्सन बेसिनच्या काठावर रेझर आपटायचा.
तीनदा. थांबून एकदा.
मी त्यावर कॉफी लावायचे.
दोन वर्षांपूर्वी तो गेला, त्याच्या आठवडाभरानंतर
मला कळलं की कॉफीला रोज उशीर का होतोय.

आर्विद विचारत होता, काठापासून पाच इंच की सहा?
वेंडेल हातमोजे घालून पाती कॉफीच्या डब्यात भरत होता.
ऐनारची कुठली, आमच्या आधी इथे राहिलेल्यांची कुठली,
गंजाला काही सांगता येत नव्हतं.

संध्याकाळी मी डबा घेऊन तिच्या दाराशी गेले.
का गेले, नीटसं माहीत नाही.
तिने झाकण उघडलं नाही. कानाशी धरून डबा हलवला.
'त्याने हिशेब केला होता,' म्हणाली,
'ही भिंत भरायला तीनशे वर्षं लागतील.
मी म्हटलं, मग घाई कर.'

मग विचारलं, 'नळाचं काय ठरलं?
भिंतीतला घेतलात तर इकडे ऐकू येईल का?'
येईल बहुतेक, मी म्हटलं. मला तक्रारीची भीती वाटली.
'किती वाजता उठता तुम्ही?'
सहाला.
'बरं,' ती म्हणाली,
आणि डबा घेऊन आत गेली. तो माझा कॉफीचा डबा होता.

भोकावर आता पुठ्ठा चिकटवलाय.
आर्विद अजून टेप धरून उभा आहे,
टाइलवर पेन्सिलीच्या चार खुणा,
आणि कुठली शेवटची, ते तोही विसरला.