सुतळीच्या दोन गाठी

सोलापुरात, पूर्वभागात, जिथं माग खडखडतात
आणि बोलायचं म्हणजे ओरडायचं,
मल्लेशम येलदीच्या दुकानात मी पिशवीतून सुतळी काढली.
एक गाठ होडीच्या मागच्या फळीच्या काठाची,
दुसरी तळाची.
घरी टेप नव्हता.

त्यानं सुतळी टेपाला लावली. सोळा इंच.
आखूड दांड्याला इंचभर जास्त, लांब दांड्याला चार कमी.
"होडी कुठल्याच मापात बसंना की अक्का."
पूर्वी हा मागाचा फिटर. आता पंप, जनरेटर,
आणि उजनीवरून एसटीच्या टपावर येणारी आमची मशिनं.

तीन होती दुकानात.
लाल, कोरं, पाच घोड्यांचं. त्याला उचलायलाच दोघं लागतात.
एक जुनं टू-स्ट्रोक: पेट्रोलात ऑइल मोजून घाला,
एकदा विसरलात की संपलं.
आणि पोत्यावर आडवं पडलेलं करडं, अडीच घोड्यांचं,
झाकणाला पोचा.

"कशाला पाहिजे? मोठं हाय की तुमच्याकडं."
"जोडीला."
तिन्ही दोऱ्या ओढून बघितल्या मी.
पहिली निम्म्यात अडली.
दुसरीनं हातच मागं खेचला.
तिसरी आली, ओळखीच्या म्हशीचं दावं यावं तशी.

"हे वाऱ्यात पळणार नाही, आधीच सांगूलालो."
"पळायचं कुणाला? घरी यायचंय."

बाकीचं त्याला सांगितलं नाही.
माघातली रात्र, जाळं निम्मं पाण्यात,
आणि हे छातीला हात लावून फळीवर बसले ते बसलेच.
मोठ्या मशिनची दोरी मी सतरा वेळा ओढली.
ती ह्यांच्या खांद्याची दोरी. मला ओळखलंच नाही तिनं.
मग वल्हं.
चिखलठाणचे दिवे होते तेवढ्याच लांब,
कितीही मारलं तरी तेवढ्याच.

अकरा दिवस दवाखाना.
डबा घेऊन जाता-येता हे दुकान दिसायचं.

"पावती कुणाच्या नावानं?"
पेन धरून तो थांबला.
"शेवंता भानुदास मल्लाव," म्हटलं. "शेवंता नीट लिहा."

कंस त्यानंच जोडून दिला, खाली-वर सरकणारा,
वर त्याच्या वडलांच्या हातमागाची सागवानी फळी,
चाळीस वर्षं पायाखाली थरथरलेली.
"ही नाही फुटायची," म्हणाला, आणि तिचे पैसे घेतले नाहीत.

मोठं मधोमध, म्हणून हे डाव्या अंगाला.
भोकं पाडताना फायबरचा भुगा नाकात गेला.
बोल्ट आरपार, आत रुपयाएवढे वायसर,
भोकाभोवती सिलिकॉन, बोटानं पुसलेलं.
पंख्यावरचं ताट होडीच्या तळाखाली इंचभर,
वर राहिलं तर पंखा नुसता फेस काढतो.
नट घट्ट करायचे, फेरी मारायची, पुन्हा घट्ट करायचे.
तरी सुटलंच तर म्हणून साखळी, गेल्या साली विकलेल्या म्हशीची.

उजनी मायनसमध्ये गेली की जुन्या भिंती वर येतात,
बाभळीचे बुंधे, कुणाची तरी चूल.
पंखा आदळला की पिन तुटते. तुटावीच,
नाहीतर आतलं दातेरी चाक जातं.
तीन पिना काडेपेटीत, काडेपेटी प्लास्टिकात,
प्लास्टिक कनवटीला.

ह्यांनी दोन दिवस मशिनकडं बघितलं नाही.
तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मिक्सर हाय का हा?"
"चला की मग, चटणी करून दाखवते."

पहिल्या ओढीला खोकलं.
दुसऱ्या ओढीला चोक राहिला होता, माझीच चूक.
तिसऱ्याला लागलं,
आवाज इतका बारका की टिटवी ऐकू येत होती.

मोठं मशीन वर उचलून बांधलेलं, ठिबकत.
हे पुढं, टोकाला, जिथं मी बसायची तिथं.
हात कुठं ठेवावेत ते ह्यांना कळंना.
थोडा वेळ मांडीवर ठेवले,
मग जाळ्याची एक गाठ सोडवायला घेतली
जी गुंतलेलीच नव्हती.