माऊसच्या पोटातलं सूत

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत,
मागांच्या शेडला चिकटून एक काचेची खोली.
तिथं मी टॉवेलांवरची फुलं पाडते,
एकेक चौकोन भरून.
काच नावाला.
खटका आत येतो, तूस आत येतं,
चहावर बसतं, भुवयांवर बसतं,
सुट्टी होईस्तोवर मी साठीची दिसते.

दर चार दिवसांनी बाण अडतो.
वर जातो, खाली येतो,
डावीकडं म्हटलं की ऐकत नाही.
मोराची मान निम्मीच वळून राहते.

मग उताणा करायचा.
पोटावरची चकती अंगठ्यानं फिरवायची,
गोळी तळहातावर घ्यायची,
जड, राखाडी, कागदी लिंबाहून लहान.
आत तीन बारीक रूळ,
आणि रुळांवर गुंडाळलेलं सूत.
कुणी सांगितलं होतं?
बाहेर बावीस माग पगारावर,
आणि हा तेविसावा,
माझ्या मनगटाच्या जिवावर
गुपचूप कांड्या भरणारा.

नव्या पेठेतून एकदा तौफिक आला.
दीडशे घेतले, फुंकर मारली, म्हणाला,
स्पिरिट लावा, कापसाच्या बोळ्यानं पुसा.
कापूस काढायला कापूस!
मी नखानंच काढत राहिले.

एका रविवारी घरीच नेला.
अम्माला आता अंधुक दिसतं,
पण विड्यांची तोंडं मुडपायची पत्र्याची पट्टी
तिच्या बोटाला अजून ठाऊक आहे.
तिनं पट्टी रुळावर टेकवली, जराशी तिरकी,
आणि सुताचं अख्खं कडं
अंगठीसारखं उतरवून घेतलं.
चिमटीत चुरगाळलं. ओठाला लावलं.
"वीस नंबर," म्हणाली.
"पीळ कमी पडतोय तुमच्याकडं. सांग मालकाला."

विड्यांच्या आधी, मिल चालू असताना,
ती कांड्या भरायची, एवढंच मला माहीत होतं.

मालकाला मी काय सांगणार?
माझ्या आईनं माऊस चाखला म्हणून?
दीड महिन्यानं लॉट परत आला,
गिऱ्हाइकाच्या अंगाला तूस चिकटतं, अशी तक्रार.
मालक ओरडले, जॉबर यल्लय्या ओरडला,
मी फुलाच्या पाकळीत
तीन चौकोन जास्तीचे भरले
आणि पुसले.

आता लाल उजेडाचा माऊस आहे.
गोळी नाही, रूळ नाही,
आत बोट घालायला जागाच नाही.
एखादा तंतू भोकात अडकतो
आणि बाण जागच्या जागी थरथरतो,
मी फुंकते, थांबतो.

जुनी गोळी अम्माकडं.
पान ओलं करून ठेवलं की
ते मऊ होईस्तोवर
ती तळहातावर फिरवत बसते,
आणि मध्येच थांबून विचारते,
"पीळ वाढवला का गं त्यांनी?"