फणी

याकोब रणभिसे मास्तरांनी
जुन्या कॅलेंडरातलं एक पान आणलं, घड्या पडलेलं.
"याची चादर होईल का, मल्लेशम?"

मी आधी, सवयीनं, रंग मोजले.
सहा. त्यातलं एक सोनं.
सोनं म्हणजे आमच्याकडे हळदी सूत.

संत उभा आहे, पण जमिनीवर नाही.
मागे डोंगर नाही, झाड नाही,
सकाळ आहे की दुपार तेही नाही,
नुसतं सोनं, काठापासून काठापर्यंत.
त्या चिताऱ्यानं सावली पाडलेलीच नाही.
हे मला लगेच कळलं.
चादरीवरच्या मोराला आम्ही तरी कुठं सावली देतो?
सावलीला सूत कोण घालणार!

डोक्यामागचं ताट म्हणजे तेज, मास्तर म्हणाले.
तोंड जरा वळलंय, ताट वळत नाही.
आणि खाली कोपऱ्यात गुडघ्यावर बसलेला
बोटभर माणूस: त्यानं चित्राचे पैसे दिले.
मला हसू आलं.
आमच्याकडे मालकाचं नाव
दोन्ही टोकांना वीतभर अक्षरांत विणतात.

आणि हातात?
लोखंडी फणी. लोकर विंचरायची, लांब दातांची.
"हिनंच मारलं त्याला. अंगावरून ओढली."
मग तीच त्याच्या हातात दिली?
"ओळखू यावा म्हणून.
संत ज्यानं गेले, ते धरून उभे राहतात.
पुढे विंचरणारे, विणणारे त्यालाच नवस बोलायला लागले."

रात्री ग्राफ पेपरवर चौकटी भरत बसलो.
नाक तीन चौकटींत बसलं. डोळे बदामी, सोपे.
फणीचे दात मात्र एकेक मोजून घेतले,
अडतीस.
भद्रावती पेठेत कुणाचा तरी माग अजून चालू होता.
आणि नायना दिसले,
सोन्यात, समोरून, सावलीशिवाय.

त्यांच्या हातात काय द्यावं?
धोटा नाही. धोट्यानं फक्त एक डोळा नेला होता.
ते ज्यानं गेले त्याला आकार नाही,
कापसाची भुकटी,
तीस वर्षं श्वासाबरोबर आत गेलेली.
तिला दात नाहीत, मूठ नाही.
ती धरायची कशी?

मास्तरांना सांगितलं, होईल.
कार्डं दोन हजारांच्या वर जातील, घाई करू नका.
खालचा बोटभर माणूस मी तसाच ठेवलाय.
फक्त त्याच्या ओंजळीत
दोन चौकटी भरल्या नाहीत.