लवू तारीच्या होडीवरचा र

देवगडच्या खाडीत होड्यांवर नावं रंगवतो मी,
एकवीस वर्षं झाली.
नारळी पौर्णिमेआधीचे पंधरा दिवस जेवायची फुरसत नसते.
पावसाळाभर झावळांखाली निजलेल्या होड्या
एकदम जाग्या होतात
आणि प्रत्येकीला तिचं नाव त्याच दिवशी हवं असतं.

ओहोटीला सुरू करायचं, भरतीच्या आत संपवायचं.
होडी चिखलात कलती,
फळीत खिळ्यांची डोकी, जुन्या रंगाचे पोपडे,
अक्षर त्यांना विचारत विचारत पुढे सरकतं.

माझ्या र ला शेपूट आहे, बांगड्याचं असतं तसं,
खाली येता येता उजवीकडे झटकलेलं.
पुण्याहून ऋजुता नावाची मुलगी आली,
तिने बेचाळीस होड्यांचे फोटो काढले,
विचारलं, काका, हा झोक सुचला कसा?
मी समुद्राकडे बघितलं.
(तसं बघितलं की लोक गप्प होतात.)
म्हटलं, लाट.
तिने वहीत लिहून घेतलं.

खरं असं, की पहिल्याच वर्षी
पाणी पोटरीला लागलं होतं,
लवूची बायको वरून ओरडत होती, आटप मेल्या,
पाय घसरला
आणि ब्रश गेला तिकडे र गेला.
मग हाताला ती खोडच लागली,
दर होडीला निराळी.

अक्षरांचा फॉन्ट झाला.
पैसे मिळाले, नाही कशाला म्हणू,
पडवीवर पत्रे आले, मुलीची नर्सिंगची फी गेली.
रत्नागिरीत सत्कार, शाल, श्रीफळ;
नारळ बहुतेक आमच्याच बाजूचा असावा,
माझ्याबरोबर एसटीने परत आला.
र कोकम सरबतावर दिसला, लोणच्याच्या बरणीवर,
रिसॉर्टच्या पाटीवर, एका उमेदवाराच्या बॅनरवर,
सगळीकडे तोच, तेवढाच घसरलेला,
पाण्यावाचून.

यंदा लवूच्या होडीवर 'रवळनाथ' लिहायला बसलो.
बसलो म्हणजे खरंच बसलो,
शेडमध्ये, स्टुलावर, पंख्याखाली.
शेपूट पट्टीने मोजून काढलं.
लवू आला. विडी विझवली.
मान तिरकी करून बराच वेळ बघत राहिला.
"ह्यो र तुझो नाय," म्हणाला.
"ह्यो लोणच्याचो."

दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही.
तिसऱ्या दिवशी पॉलिश पेपर घेऊन
र तेवढा घासून काढला.

होडी खाली चिखलात ओढली.
लिहायला लागलो, आणि मनात आलं,
आता पाय घसरायला हवा.
त्याची वाट बघत उभा राहिलो,
एवढा शहाणा मी.
पाणी आलं, पोटरीच्या वर गेलं.
पाय घसरला नाही.
एकवीस वर्षांत पायांनाही चिखल कळतो.

तेव्हा र उतरला साधाच, जरा जाड,
गुडघा धरून उभ्या माणसासारखा.
शेपूट नाही.
लवू काही बोलला नाही. नारळ फोडला.
त्याच्या बायकोने नाळेला हळदकुंकू लावताना
तिचा अंगठा ओल्या र ला पुसटसा लागला.
मी खिशात फडका शोधतोय
तोवर होडी तरंगली.